जुनी आगबोट लोकांसाठी खुली करायची, तर आधी काय ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या एका खाडीकाठी काही मंडळींना भंगारात निघालेली जुनी वाफेची बोट विकत घेऊन तिचं संग्रहालय करायचं आहे. बोट मूळ बांधणीसारखी दिसावी, लोकांनी तिकीट काढून पाहायला यावं, जमलं तर सणासुदीला तिने खाडीत फेरीही मारावी. यासाठी काय काय लागेल? आणि जुन्या 'विक्रांत'सारख्या विमानवाहू नौकेचं संग्रहालय मुंबईत टिकलं नाही, तर आपलं कसं टिकेल?

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली आणि पुढची जुन्या बोटींची तपासणी करण्यात. मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा रंग, फर्निचर, कॅफे आणि तिकिटाचा दर यांवर बोलतात. हे सगळं नंतर. आधी एकच ठरवा: बोट चालणार आहे, पाण्यात नुसती उभी राहणार आहे, की कोरड्यावर येणार आहे? तिन्ही वाटांचा खर्च वेगळा, लागणारी माणसं वेगळी, कायदे वेगळे. 'आत्ता पाण्यात ठेवू, पुढचं पुढे बघू' असं म्हणणाऱ्यांच्या बोटी शेवटी दारूखान्यातच (मुंबईतला जहाजं तोडायचा भाग) गेलेल्या पाहिल्या आहेत.

कोरड्यावर आणलेल्या बोटीचं जगातलं उत्तम उदाहरण म्हणजे ब्रिस्टलची 'ग्रेट ब्रिटन'. ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली, १९ जुलै १८४३ रोजी पाण्यात उतरलेली, लोखंडी हल (म्हणजे बाहेरचं कवच) आणि पाणी कापणाऱ्या बाजूच्या चाकांऐवजी मागे पंखा असलेली ही ९८ मीटर लांबीची आगबोट त्या काळात जगातली सगळ्यात मोठी होती. अटलांटिकवर ती फार दिवस चालली नाही. १८४६ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर रुतली आणि त्या खर्चात मालक कंपनी बुडाली. पुढे तिने हजारो लोक ऑस्ट्रेलियाला पोचवले. १८५७ च्या उठावाच्या वेळी याच बोटीतून गोऱ्या पलटणी मुंबईत उतरल्या. म्हणजे मुंबई बंदराने ती पाहिलेली आहे. नंतर इंजिन काढून तिचं शिडाचं मालवाहू जहाज केलं. १८८६ मध्ये ती मोडक्या अवस्थेत फॉकलंड बेटांवर पोचली, तिथे लोकर आणि कोळसा साठवायचं तरंगतं गोदाम झाली आणि १९३७ मध्ये एका खाडीत नेऊन भोकं पाडून बुडवली गेली. पाणी उथळ होतं, म्हणून ती तळावर टेकून तशीच उभी राहिली.

१९७० मध्ये तिला तिथून उचललं. उजव्या बाजूला मोठी भेग पडली होती. ती बुजवायला बेटावरच्या लोकांच्या घरातल्या जुन्या गाद्या कोंबल्या होत्या. मग तिला एका बुडवता येणाऱ्या तराफ्यावर चढवून सुमारे आठ हजार मैल ओढत आणलं, आणि १९ जुलैलाच, म्हणजे तिच्या जलावतरणाच्या तारखेलाच, ती जिथे बांधली त्याच सुक्या गोदीत (पाणी उपसून कोरडी करता येणाऱ्या गोदीत) आत घेतली. वर्तमानपत्रांना एवढीच गोष्ट पुरते. माझ्यासारख्याला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं.

गोदीत आल्यावर बोट सुरक्षित झाली, असं पंचवीसेक वर्षं सगळे धरून चालले होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी नीट तपासणी झाली तेव्हा कळलं की ती समुद्राबाहेरही गंजतेच आहे, आणि असंच चाललं तर आणखी पंचवीस वर्षांत काही उरणार नाही. कारण असं की शंभरहून अधिक वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लोखंडाच्या आत, गंजाच्या थरांखाली, क्लोराइड, म्हणजे मिठातले क्षार, मुरलेलं असतं. वरून रंग लावला तरी ते आत असतंच. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि जिथे ओलावा तिथे गंज पुढे सरकतो. पाऊस लागला नाही, पाणी लागलं नाही, तरीही. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी या क्षारांवर प्रयोग करून दाखवलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण २० टक्क्यांवर आणली तर हा गंज जवळजवळ थांबतो. ब्रिस्टलची हवा मात्र ८० टक्क्यांच्या आसपास, आणि गोदी तर बंदराच्या पाण्याला लागूनच, भिंतींतून झिरपणारी.

म्हणून २००५ मध्ये त्यांनी गोदीवर, बोटीच्या जलरेषेच्या उंचीला, काचेचं छत घातलं. काचेवर थोडंसं पाणी खेळवलं, त्यामुळे वरून पाहिलं की बोट समुद्रात आहे असं वाटतं. काचेखाली मोठी यंत्रं हवा सुकवतात आणि नळ्यांमधून ती कोरडी हवा थेट तळाच्या पत्र्यांवर सोडतात. काचेखाली उतरलं की घसा कोरडा पडतो, ओठ सुकतात. तळाचे पत्रे हाताच्या अंतरावर असतात: एकावर एक चढवलेले, कुठे कागदाइतके झिजलेले, कुठे आरपार भोक पडलेले. त्या भोकांना त्यांनी हात लावलेला नाही. नवे पत्रे ठोकून हल गुळगुळीत करता आला असता, पण मग ब्रुनेलच्या कारागिरांनी ठोकलेलं लोखंड उरलंच नसतं. या सगळ्या कामाला १ कोटी १३ लाख पौंड लागले आणि त्यातला मोठा वाटा लॉटरीच्या वारसा निधीतून आला.

आता हे कोकणात करता येईल का? सरळ सांगतो, काचेखालची कोरडी हवा तुम्हाला परवडणार नाही. जुलैमध्ये आपल्याकडे हवा नव्वद टक्क्यांच्या वर असते आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. यंत्रं चार दिवस बंद पडली की क्षार पुन्हा ओलावा धरतात. पण घाबरू नका, तुमच्यावर ती वेळ यायची शक्यता कमी आहे. 'ग्रेट ब्रिटन'चा हल जुन्या घडीव लोखंडाचा आहे आणि त्याला काही लावणं म्हणजे इतिहास पुसणं. तुम्हाला मिळेल ती बोट विसाव्या शतकातली, पोलादी असेल. पोलादाला सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून चकचकीत उघडं करता येतं, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुता येतं, पृष्ठभागावर क्षार किती उरलेत ते छोट्या चिकटपट्टीच्या चाचणीने मोजता येतं, आणि ते मर्यादेत आले की इपॉक्सी रंगाचे थर चढवता येतात. ही क्षारांची मोजणी आपल्याकडचे कंत्राटदार सर्रास गाळतात. ब्लास्टिंग झालं, पोलाद चांदीसारखं दिसलं, की लगेच रंग. दोन पावसाळ्यांत फोड येतात आणि मग रंगाच्या कंपनीला शिव्या. करारातच लिहून घ्या की मोजणीचा आकडा तुमच्या माणसाने पाहिल्याशिवाय पहिला हात मारायचा नाही.

तुमच्या आकाराला जवळचं उदाहरण हवं असेल तर बेलफास्टची 'नोमॅडिक' पाहा. १९११ साली बांधलेली, 'टायटॅनिक'च्या प्रवाशांना किनाऱ्यावरून बोटीवर नेणारी ही छोटी पोलादी आगबोट. पुढे कितीतरी वर्षं ती पॅरिसमध्ये सीन नदीवर रेस्टॉरंट म्हणून उभी होती. पुलांखालून जावी म्हणून तिचा वरचा भागही कापला होता. २००६ मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारी खात्याने ती लिलावात २,५०,००१ युरोंना घेतली आणि एका जुन्या गोदीत कोरडी बसवून दुरुस्त केली. खरेदीची रक्कम दुरुस्तीपुढे किरकोळ ठरली. हे सगळीकडेच होतं. बोट स्वस्तात मिळते याचं कारण ती स्वस्तात ठेवता येत नाही.

आता पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटी. इथेच सगळ्यात जास्त बोटी मरतात. धंद्यातलं जहाज पाच वर्षांत साधारण दोनदा सुक्या गोदीत जातं, कारण नियम तसा आहे. संग्रहालय झालेल्या बोटीला हा नियम बहुधा लागू नसतो आणि गोदीचं बिल मोठं असतं, म्हणून ती वर्षानुवर्षं वर निघत नाही. जलरेषेचा पट्टा, जो कधी ओला कधी कोरडा असतो, तो सगळ्यात आधी खातो. पण बाहेरून खाल्लेलं निदान दिसतं. खरं नुकसान आतून होतं. डेकच्या लाकडी फळ्यांमधून पावसाचं पाणी खाली उतरतं, बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) साचतं, तळातल्या जुन्या सिमेंटखाली शिरतं आणि तिथे कोणाची नजर पोचत नाही. मी बोटीवर चढलो की आधी ब्रिज (जिथून बोट हाकतात ती जागा) किंवा इंजिन पाहत नाही. न्हाणीघरं आणि भंडाऱ्याची गॅली (स्वयंपाकघर) पाहतो, त्यांच्या लाद्यांखालची प्लेट. जिथे रोज पाणी सांडलं तिथेच पोलाद सर्वांत पातळ असतं.

तपासणी कशी होते ते थोडं सांगतो, म्हणजे कोणी तुम्हाला नुसते फोटो काढून अहवाल देणार नाही. हातोडीने प्लेटवर टोला मारतात. चांगली प्लेट 'ठण्ण' करून वाजते, कुजलेली 'थप्प' करते आणि गंजाचा पापुद्रा खाली पडतो. संशयित जागा घासून चकचकीत करतात, तिथे जेल लावून अल्ट्रासॉनिक यंत्राचा डोळा टेकवतात आणि जाडी वाचतात. मूळ दहा मिलिमीटरची प्लेट साडेसातच्या खाली गेली की बदलायची, असा ढोबळ हिशोब धरा. असे शेकडो आकडे बोटीच्या नकाशावर मांडले की ती कुठे जिवंत आहे हे कळतं. वर पट्टी मारलेल्या जागा, म्हणजे जुन्या प्लेटवर वेल्डिंग केलेली दुसरी प्लेट, खास शोधा. त्या पट्टीखाली काय आहे हे विकणारा सांगत नाही.

'विक्रांत'चं काय झालं ते यातूनच कळेल. तीही वाफेवर, टर्बाइनवर चालणारीच नौका होती. ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात आली, ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून लोकांना अधूनमधून पाहायला मिळत होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती बंद झाली. राज्य सरकारने कायमस्वरूपी संग्रहालय आर्थिकदृष्ट्या शक्य नसल्याचं सांगितलं, लिलावात ती सुमारे ६० कोटींना गेली, सर्वोच्च न्यायालयातली याचिकाही फेटाळली गेली आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. लोकांना तिच्याबद्दल प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? तिच्या पोलादातून बनलेली मोटरसायकलही हातोहात खपली. पण नौदलाच्या गोदीत जागा अडवून बसलेली, आतून झिजणारी एवढी मोठी नौका नेमकी कुठे कायमची बसवायची आणि दरवर्षीचं बिल कोणी भरायचं, हे निवृत्तीच्या दिवशी ठरलेलं नव्हतं. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी बघा. २००१ मध्ये निवृत्त झाली, लगेच ओढून समुद्रकिनाऱ्यावर काँक्रीटच्या पायावर ठेवली, २००२ मध्ये लोकांसाठी उघडली, आजही चालू आहे. ती लहान होती हे खरं, पण कोरड्यावर होती हेही तितकंच खरं.

श्रीमंत देशांत वेगळं काही घडत नाही. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे १९६७ पासून उभी असलेली 'क्वीन मेरी' ही जुनी प्रवासी आगबोट हॉटेल म्हणून चालते. २०१७ च्या तपासणीत तिच्या दुरुस्तीचा अंदाज २३.५ ते २८.९ कोटी डॉलर निघाला. 'युनायटेड स्टेट्स' या वेगवान जहाजाला तर संस्थाही होती, चाहतेही होते, पण धक्क्याच्या भाड्यावरून कोर्टकचेरी झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिला फिलाडेल्फियाहून ओढून नेलं, फ्लोरिडाच्या समुद्रात बुडवून कृत्रिम प्रवाळभिंत करण्यासाठी. आपल्याकडेही 'गुलदार' या नौदलाच्या निवृत्त जहाजासाठी सिंधुदुर्गातल्या निवती रॉक्सजवळ तसाच पाण्याखालच्या संग्रहालयाचा घाट घातला गेला. मला हा मार्ग वाईट वाटत नाही. पण ते डायव्हिंगचं पर्यटन झालं, त्याला बोटीचं जतन म्हणू नये.

तिसरी वाट, चालणारी बोट. इथे माझं मन पक्षपाती आहे, कारण वाफेचं इंजिन थंड पडलं की ते लोखंडाचं कपाट होतं. स्कॉटलंडची 'वेव्हर्ली' १९४७ पासून प्रवासी नेत आहे. १९७४ मध्ये ती जतन करणाऱ्या संस्थेला एका पौंडाला मिळाली आणि आज समुद्रात प्रवासी नेणारी जगातली शेवटची चाकांची आगबोट म्हणून ओळखली जाते. तिचं तीन सिलिंडरचं इंजिन प्रवाशांना चालताना जवळून पाहता येतं: तेलाने चकाकणारे दांडे, क्रँक वर येताना येणारा गरम तेलाचा वास. २०१९ मध्ये तिचे बॉयलर थकले आणि हंगामच रद्द करावा लागला. लोकांकडे हात पसरून २३ लाख पौंड जमवले, नवे बॉयलर बसवले आणि २०२० मध्ये ती पुन्हा निघाली. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनच्या तलावावर १९१२ ची 'अर्न्सलॉ' अजून कोळशावर चालते, तासाला टनभर कोळसा खाते, आणि वरच्या कठड्यावरून लोक फावड्याने कोळसा टाकणाऱ्या कामगारांना बघत उभे राहतात. तिला गोड्या पाण्याचा मोठा फायदा आहे. तुमच्या खाडीला तो नाही.

बॉयलर पेटवायचा म्हणजे काय हे नीट समजून घ्या. जुना स्कॉच बॉयलर घाईत तापवला तर त्याचे सांधे गळतात. थंड अवस्थेतून वाफ चढवायला अख्खा दिवस लागतो. म्हणजे रविवारच्या फेरीसाठी शनिवारी सकाळीच माणसं कामावर. दरवर्षी तपासणी, पाण्याच्या दाबाची चाचणी, परवानाधारक अटेंडंट, प्रवासी न्यायचे तर बोटीचा प्रवासी दाखला, जीवरक्षक साधनं, अग्निशमन. आणि वाफेवर हात बसलेली माणसं आता सत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांच्या हाताखाली चार तरुण तयार करायचे असतील तर आत्ताच, पाच वर्षांनी नाही. सणासुदीच्या दोन फेऱ्यांसाठी हा सगळा पसारा मांडू नका. त्याऐवजी इंजिन दाबाच्या हवेवर किंवा विजेच्या मोटरने सावकाश फिरवून दाखवा. 'ग्रेट ब्रिटन'मध्ये मूळ इंजिनाची प्रतिकृती विजेवरच फिरते आणि कोणी तक्रार करत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल एवढंच: विसाव्या शतकातल्या प्रत्येक आगबोटीत तो आहे असं धरूनच चाला. पाइपांवरचं पांढरं आवरण (त्याचे तंतू फुप्फुसात गेले की घातक) कोणालाही, स्वयंसेवकांना तर मुळीच, हाताने खरवडू देऊ नका. नोंदणीकृत एजन्सीकडून आधी नमुने तपासून घ्या.

मग येतो तो मुद्दा ज्यावर तुमच्या गटात भांडणं होतील: कुठल्या सालची बोट दाखवायची? जुन्या बोटीत दर दहा वर्षांनी काहीतरी बदललेलं असतं. कोणी डेकवर शेड घातली, कोणी सलून (प्रवाशांचं दालन) तोडून मालाची जागा केली. सगळं उपटून पहिल्या दिवसासारखं करावं असं वाटतं. माझं मत विरुद्ध आहे. बोटीने सर्वाधिक वर्षं जे काम केलं तो काळ निवडा, बाकीच्या खुणा शक्य तिथे राहू द्या, आणि काढाल त्या प्रत्येक वस्तूचा काढण्याआधी फोटो, माप आणि जागा लिहून ठेवा. रिवेटच्या (पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्याच्या) जागी वेल्डिंग करायचं झालं तर करा, पण ते नवं आहे हे जवळून बघणाऱ्याला कळलं पाहिजे. 'मेडवे क्वीन' या इंग्लिश चाकांच्या बोटीचा हल इतका गेला होता की ब्रिस्टलमध्ये तिच्यासाठी अख्खा नवा हल जुन्या पद्धतीने, तापवलेल्या रिवेटांनी बांधला. काही जाणकारांना तो खटाटोप मान्य नाही. मला मान्य आहे, कारण त्या कामात रिवेट मारणारी नवी पिढी तयार झाली.

लोक कशासाठी येतात हेही लक्षात ठेवा. पितळी घड्याळ आणि सुकाणू पाहायला फार जण येत नाहीत. प्रवासी कुठे झोपत, काय खात, उलटी झाली तर काय करत, हे त्यांना बघायचं असतं. ब्रिस्टलवाल्यांनी स्वयंपाकघरापासून आजारी प्रवाशांपर्यंतचे वास मुद्दाम सोडले आहेत, पोरं नाक धरून हसतात आणि पुढच्या खोलीत धावतात. जेवणाच्या सलूनमध्ये लग्नं लागतात, त्या भाड्यातून हल सुकवणाऱ्या यंत्रांच्या विजेला हातभार लागतो. तुम्हीही एक मोठी खोली रिकामी, मजबूत आणि हवेशीर ठेवा. जिने अरुंद असतात, म्हणून निदान एका डेकपर्यंत चाकाची खुर्ची जाईल अशी वाट पहिल्या नकाशातच काढा, नंतर ती काढता येत नाही.

कोकणाची बोट म्हणाल तर एक कटू गोष्ट ऐकून घ्या. भाऊच्या धक्क्यावरून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत चाकरमान्यांना नेणाऱ्या बोटींपैकी तुम्हाला विकत मिळेल अशी एकही मला माहीत नाही. बाहेरून आणलेल्या परक्या बोटीवर 'रोहिणी' किंवा 'चंपावती' असं नाव रंगवू नका. बोट कुठलीही असो, आत कोकणच्या आगबोटीची गोष्ट सांगा: धक्का नसलेल्या बंदरात पडावातून (छोट्या होडीतून) लाटांवर हेलकावत बोटीच्या शिडीपर्यंत जाणं, डेकवर पथारी टाकून जागा धरणं, १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेल्या 'रामदास'सोबत बुडालेले सहाशेहून अधिक लोक. हे सांगू शकणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांच्या मुलाखती, जुनी तिकिटं, सामानाच्या पावत्या, खलाशांची दाखल्याची पुस्तकं गोळा करायला बोटीची वाट पाहायची गरज नाही. 'ग्रेट ब्रिटन'लाही स्वतंत्र ग्रंथालय आणि दप्तरखाना आहे.

पैशांचं गणित मांडताना दुरुस्तीचा आकडा एका कागदावर आणि वार्षिक आकडा दुसऱ्या कागदावर लिहा: रंग, वीज, विमा, पहारा, दोन कायम कारागीर, आणि पाण्यात ठेवणार असाल तर दर पाच वर्षांनी गोदीत न्यायच्या खर्चाचा पाचवा भाग. देणगीदार पहिल्या कागदावर सही करतात, दुसऱ्यावर फारसं कोणी करत नाही. दुसऱ्या कागदावरची रक्कम व्याजातून निघेल एवढी ठेव बँकेत असल्याशिवाय, किंवा नगरपालिका, पर्यटन महामंडळ असा कोणी लेखी बांधला गेल्याशिवाय, विक्रीच्या करारावर सही करू नका.

आत्ता लगेच करायचं ते असं: बोट पसंत पडली की बयाणा देण्याआधी स्वतंत्र सर्व्हेअर (बोट तपासणारा जाणकार) नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. पूर्ण जाडीमोजणी, अ‍ॅस्बेस्टॉसचा अहवाल, आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर भरतीला किती पाणी असतं याचं ताजं मोजमाप मागा. तिसऱ्या गोष्टीवरच बरेच बेत अडतात, कारण बोट आत येऊच शकत नाही. हे तीन कागद हातात आले की सांगा, मग कोरड्यावरचा पाया कुठे आणि कसा घालायचा ते बोलू.